सर्दी मालकाला, खोकला घोड्याला?

माथेरानच्या दस्तुरी नाक्यावर सकाळी घोड्यांची रांग लागते. मोटारी तिथेच थांबतात, पुढे पायी, छोट्या रेल्वेगाडीने किंवा घोड्यावरून. पावसाळा संपून पर्यटक सुरू व्हायच्या आधी मी तिथे घोडे तपासायला गेलो होतो. एक तरुण घोडेवाला सारखा शिंकत होता. नाक गमछ्याने पुसायचा, त्याच गमछ्याने घोड्याच्या डोळ्यावरच्या माश्या हाकलायचा, मग त्याच हाताने गुळाचा खडा त्याच्या ओठांशी धरायचा. माझं लक्ष आहे हे कळल्यावर जरा ओशाळला आणि म्हणाला, "डॉक्टर, माझी सर्दी ह्याला लागंल का हो?"

हा प्रश्न मला उलट्या दिशेने शेकडो वेळा विचारला गेलाय. घोड्याचं आम्हाला काही लागेल का, पोरं तबेल्यात खेळतात, काही होईल का. आपलं घोड्याला लागेल का, हे विचारणारे फार थोडे. त्याला मी तिथे दोन वाक्यांत उत्तर दिलं, पण ते अर्धंच होतं. बाकीचं इथे लिहितो.

त्याच्या सर्दीपुरतं उत्तर सोपं आहे: नाही. आपली नेहमीची सर्दी ज्या विषाणूंमुळे होते, ते माणसाच्या पेशींना सरावलेले असतात. विषाणू हा काही आपल्या पायांनी चालणारा प्राणी नाही. त्याला कुठल्या तरी पेशीला चिकटावं लागतं, आत शिरावं लागतं आणि त्या पेशीचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या प्रती काढाव्या लागतात. या प्रत्येक पायरीवर कुलूप असतं. एका जनावराच्या कुलपाला लागणारी किल्ली दुसऱ्याच्या कुलपाला बहुधा लागत नाही.

फ्लूचं उदाहरण घेऊ, कारण घोड्यालाही फ्लू होतो आणि गोंधळ तिथेच होतो. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेच्या पेशींवरच्या एका साखरेला चिकटतो. ही साखर खालच्या साखळीला दोन तऱ्हांनी जोडलेली असू शकते. माणसाच्या घशात आणि श्वासनलिकेत एका तऱ्हेची जोडणी जास्त असते, घोड्याच्या श्वासनलिकेत दुसऱ्या. फरक आहे तो नुसत्या एका कोनाचा. एकाच कंपनीची कुलपं, एकसारखी दिसणारी, पण दात्यांचा थोडा फरक असलेली. माणसाच्या फ्लूची किल्ली घोड्याच्या कुलपात जाते, पण सहज फिरत नाही.

सहज फिरत नाही म्हणजे कधीच फिरत नाही असं नव्हे. घोड्याच्या फ्लूचा विषाणू १९६०च्या दशकात स्वयंसेवक माणसांच्या नाकात मुद्दाम सोडून पाहिला गेला आणि काहींना त्याची लागण झाली. प्रयोगात भरपूर मात्रा थेट नाकात सोडली की असा शिरकाव होतो. पण शिरकाव झाला म्हणजे साथ आली असं होत नाही. साथ यायची तर त्या विषाणूला नव्या जनावरात जोमाने वाढावं लागतं आणि तिथून त्याच जातीच्या पुढच्या जनावराकडे जावं लागतं. तिथे बहुतेक विषाणू अडतात.

बहुतेक म्हणालो, सगळे नाही. घोड्यांमध्ये आज फिरणारा फ्लू एच३एन८ या गटाचा आहे. तो १९६३ मध्ये अमेरिकेत मायामीला पहिल्यांदा ओळखला गेला. पुढची चाळीस वर्षं तो घोड्यांचाच आजार होता. मग २००४ मध्ये फ्लोरिडातल्या शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये खोकला आणि न्यूमोनिया सुरू झाला, काही कुत्री दगावली. तपासणीत निघाला तो घोड्यांचाच फ्लू. तो कुत्र्यांत गेला आणि कुत्र्याकडून कुत्र्याकडे पसरायला शिकला. त्या चाळीस वर्षांत घोडे आणि माणसं किती जवळ राहिली असतील! घोडे सांभाळणारे मोतद्दार तर घोड्याच्या तोंडाशी तोंड नेऊन झोपतात. तरी तो माणसांत रुजला नाही. म्हणून मी कुणाला "शक्यच नाही" असं सांगत नाही, आणि कुणाला घाबरवतही नाही.

कोविडच्या काळात हाच प्रश्न पुन्हा आला. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातल्या वाघिणीला कोविड झाला, तिची देखभाल करणाऱ्या माणसाकडूनच तो गेला असणार असा निष्कर्ष निघाला. पुढे डेन्मार्कमध्ये मिंक नावाच्या केसाळ प्राण्यांच्या फार्ममध्ये तो माणसांकडून गेला, मिंकांत पसरला आणि त्यांच्याकडून माणसांत परत आला. साहजिकच घोडेवाल्यांना धास्ती वाटली. अमेरिकेत एका घोड्याच्या अंगात हा विषाणू प्रयोगादाखल सोडून पाहिला, त्याच्या नाकातून विषाणू बाहेर पडताना दिसला नाही. कॅलिफोर्नियातल्या शर्यतीच्या ५८७ घोड्यांचं रक्त तपासलं, तेव्हा तिथल्या कामगारांमध्ये कोविड फिरत होता. ३५ घोड्यांच्या रक्तात प्रतिपिंडं सापडली. म्हणजे विषाणूची आणि त्यांची गाठ पडली होती. पण घोडे ठणठणीत होते आणि त्यांच्या नाकात विषाणू मिळाला नाही. माणसाकडून घोड्याकडे काहीतरी गेलं, ते दारापर्यंत पोचलं, आत मुक्काम मात्र जमला नाही.

क्षयाचंही तसंच. माणसाचा क्षय हत्तीला होतो, हे नक्की माहीत आहे. घोडा मात्र क्षयाला बराच चिवट. का, हे एका ओळीत सांगता येण्यासारखं नाही, म्हणून पुढे जातो.

आता येतो त्या जंतूकडे, जो खरोखर माणसाकडून घोड्याकडे जातो. याचीच मला जास्त काळजी वाटते, आणि नेमकं याच्याबद्दल कुणी विचारत नाही, कारण त्यात ना शिंक असते ना खोकला.

आपल्यातल्या साधारण तीनपैकी एका माणसाच्या नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जिवाणू राहत असतो. आपल्याला त्याचा पत्ताही नसतो. कातडी फाटली, ऑपरेशन झालं, जखम उघडी राहिली की मग तो आत शिरतो आणि पू होतो. याचीच एक जात नेहमीच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही, तिला डॉक्टर एमआरएसए म्हणतात. ती आधी माणसांच्या इस्पितळांतली डोकेदुखी होती.

२००० नंतरच्या दोन-तीन वर्षांत कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात आणि अमेरिकेत न्यूयॉर्क भागात घोड्यांच्या नाकातून आणि जखमांतून एमआरएसए निघू लागला. तो कुठून आला हे शोधताना संशोधकांनी घोड्यांचे आणि त्यांच्याबरोबर काम करणाऱ्या माणसांचे जंतू शेजारी शेजारी ठेवून पाहिले. दोघांत जवळजवळ एकच वंश होता, आणि तो वंश माणसांत आधीपासून माहीत असलेला होता. म्हणजे बहुधा माणसाने तो घोड्याला दिला, घोड्यांत तो रुळला, आणि मग घोड्यांकडून दुसऱ्या माणसांना परत मिळाला. घोड्यांवर काम करणाऱ्या पशुवैद्यांच्या नाकात तो इतर लोकांपेक्षा जास्त वेळा सापडतो. आमच्या धंद्याला हे काही भूषण नाही.

वाट कशी असते ते पाहा. माणूस नाक खाजवतो. मग घोड्याच्या नाकपुडीवर हात फिरवतो, कारण तो भाग मऊ असतो आणि घोड्यालाही ते आवडतं. घोड्याची नाकपुडी ओली, उबदार, जंतूला राहायला उत्तम. तो तिथे मुक्काम करतो, घोड्याला काहीच होत नाही. सहा महिन्यांनी पोटात दुखलं म्हणून घोड्याचं ऑपरेशन होतं किंवा पायाला तार लागून खोल जखम होते. तेव्हा तो जंतू जखमेत उतरतो. मग टाके पिकतात, नेहमीची औषधं चालत नाहीत, आणि मालक म्हणतो, डॉक्टरांनी बिघडवलं. कधी कधी ते खरंही असतं, कारण घोड्याच्या नाकाला हात लावणाऱ्यांत डॉक्टरही असतोच.

यातली एक गोष्ट मला दिलासा देणारी वाटते. नाकात नुसता मुक्काम असलेल्या घोड्याला बहुधा औषध लागत नाही. कॅनडातल्या तबेल्यांत असं दिसलं की असे घोडे वेगळे बांधले, माणसांनी हात धुवायला आणि हातमोजे वापरायला सुरुवात केली, तर काही आठवड्यांत घोडे आपोआप त्या जंतूतून मोकळे होतात. पुन्हा पुन्हा नवा जंतू आणून घातला नाही, एवढंच पुरतं.

दुसरा आजार डोळ्यांना दिसतो: नायटा. कातडीवरची बुरशी. घोड्याच्या अंगावर, विशेषतः जिथे तंग आवळला जातो आणि खोगीर घासतं तिथे, केस गळून गोल चट्टे पडतात. बहुतेक वेळा तो घोड्याकडून घोड्याकडे आणि घोड्याकडून माणसाला जातो. उलट्या दिशेने, माणसाकडून घोड्याला, कमी. पण बुरशीला जात-पात फारशी नसते आणि तिचे बीजाणू खोगिराखालच्या घोंगडीवर महिनोन्‌महिने टिकतात.

इथे माझीच एक चूक सांगतो. नोकरीला लागलो त्या पहिल्या वर्षी एका तबेल्यात नायट्याचे चार घोडे पाहिले, चट्टे खरवडून नमुने घेतले, हात धुतले. अंगावरचा कोट मात्र तसाच. तासाभरात दुसऱ्या तबेल्यात गेलो, तिथल्या एका शिंगराला काखेत धरून लस दिली. दोन-तीन आठवड्यांनी त्या शिंगराच्या मानेवर आणि खांद्यावर चट्टे उठले, नेमके जिथे माझा कोट टेकला होता तिथे. मालक भला माणूस, काही बोलला नाही. पण त्याने मोतद्दाराला सांगितलेलं मी ऐकलं: "डॉक्टर येतील तेव्हा आधी आपला सदरा द्या त्यांना." तेव्हापासून गाडीत तीन कोट असतात.

त्या शिंगराला माझा आजार लागला नव्हता. मला नायटा नव्हताच. मी नुसता हमाल होतो. माणसाकडून घोड्याकडे आजार जातो की नाही या प्रश्नाचं खरं वजन मला इथे दिसतं. आपल्या अंगातलं दुखणं घोड्याला क्वचितच लागतं. पण दुसऱ्या घोड्याचं दुखणं आपण हातावर, बुटांवर, बाहीवर घेऊन त्याच्याकडे पोचवतो, आणि ते सर्रास घडतं.

याची सगळ्यात मोठी किंमत ऑस्ट्रेलियाने मोजली. २००७ च्या ऑगस्टपर्यंत त्या देशात घोड्यांचा फ्लू कधीच नव्हता. बाहेरून येणारे घोडे आधी विलगीकरण केंद्रात ठेवत. त्या महिन्यात सिडनीजवळच्या ईस्टर्न क्रीक केंद्रात जपानहून आलेल्या घोड्यांबरोबर विषाणू आला. घोडे आतच होते, कुंपणात. तरी तो बाहेर पडला आणि न्यू साउथ वेल्समधल्या मेटलंडच्या घोडेस्वारी स्पर्धेत पोचला. स्पर्धेहून प्रत्येक घोडा आपापल्या गावी गेला, आणि विषाणूही. सुमारे दहा हजार ठिकाणी लागण झाली, सत्तर हजारांच्या आसपास घोडे आजारी पडले, सिडनीच्या शर्यती थांबल्या. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती इयन कॅलिनन यांची चौकशी नेमली. त्यांच्या अहवालात सर्वांत संभाव्य कारण दिलं आहे ते हे, की केंद्रातून बाहेर पडलेल्या एखाद्या माणसाच्या अंगावरून, कपड्यांवरून किंवा सामानावरून विषाणू बाहेर गेला. त्या माणसाला साधा खोकलाही आला नसेल. डिसेंबरमध्ये तिथे शेवटचा रुग्ण घोडा सापडला आणि पुढे देश पुन्हा मुक्त झाला, पण त्यासाठी महिनोन्‌महिने घोड्यांची ये-जा बंद ठेवावी लागली.

आपल्याकडेही २००८ च्या जूनमध्ये जम्मूजवळ कटऱ्याला घोड्यांचा फ्लू आला आणि तिथून देशभर पसरला. वैष्णोदेवीच्या वाटेवर हजारो खेचरं आणि घोडे रोज माणसं वाहतात. एक दिवस काम बंद म्हणजे चूल बंद, त्यामुळे खोकणारं जनावरही वाटेवर असतं. सारंगखेड्याच्या बाजारात दत्तजयंतीच्या सुमाराला राज्याबाहेरूनही घोडे येतात. तिथे गिऱ्हाईक घोड्याचे ओठ उलटून दात पाहतं, वय काढतं, मग त्याच बोटांनी शेजारच्या घोड्याचे ओठ उलटतं. मी एकदा मोजलं होतं, एका माणसाने अकरा घोड्यांची तोंडं उघडली. हात धुतले नाहीत, मधे चहा मात्र प्यायला.

घोड्याची सर्दी आपल्यासारखी किरकोळ नसते, हेही सांगायला हवं. घोडा फक्त नाकाने श्वास घेतो, तोंडाने घेता येत नाही. फ्लू झाला की ताप ४१ अंश सेल्सिअसपर्यंत चढतो, आणि श्वासनलिकेच्या आतल्या अस्तराला पूर्ववत व्हायला साधारण तीन आठवडे लागतात. खोकला थांबला म्हणून चौथ्या दिवशी खोगीर चढवलं तर घोडा पुढे कायमचा दमेकरी होऊ शकतो.

सुई हाही आपलाच हात. एकाच सिरिंजने रांगेत उभ्या घोड्यांना टोचत जायची वाईट सवय आहे, सुई महाग म्हणून नाही, आळस म्हणून. २००६ मध्ये आयर्लंडमध्ये घोड्यांच्या रक्तक्षयाचा एक विषाणूजन्य आजार उफाळला, त्याचं मूळ घोड्याच्या, परदेशातून आणलेल्या रक्तद्रवात सापडलं. तो द्रव उपचार म्हणून टोचला होता. तो विषाणू माणसात राहतच नाही, तरी घोड्यापर्यंत तो माणसानेच नेला.

लोक ज्या आजारांना उगाच घाबरतात, तेही दोन शब्दांत. जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाइल हे आजार माणसाला होतात, घोड्यालाही होतात, म्हणून वाटतं की एकमेकांना देतात. तसं नाही. दोघांनाही ते डास चावून मिळतात, आणि दोघांच्या रक्तात विषाणू इतका थोडा असतो की पुढचा डास तो उचलू शकत नाही. माणूस आणि घोडा, दोघंही आंधळी गल्ली. विषाणूचा खरा मुक्काम पक्ष्यांत, आणि जपानी मेंदूज्वराच्या बाबतीत डुकरांत. घरात कुणाला मेंदूज्वर झाला म्हणून घोडा दूर बांधू नका, तबेल्याशेजारचं डबकं बुजवा.

ग्लँडर्स या घोड्यांच्या जिवाणूजन्य आजाराची गोष्ट उलटी आहे. २००६ मध्ये पुण्यात आणि पाचगणीत तो दिसला, तेव्हा टेबल लँडवरच्या घोडेवाल्यांचे चेहरे अनेकांना आठवत असतील. तो घोड्याकडून माणसाला होतो आणि माणसाला जीवघेणा ठरू शकतो, म्हणून बाधित घोडे मारावे लागतात. इथे घोड्याला माणसापासून नाही, माणसाला घोड्यापासून जपायचं.

आणि कुलूप-किल्लीची ही सगळी गोष्ट आपल्याच राज्यात एका माणसाच्या अंगात उघडी पडली, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. सर्रा हा घोड्यांचा, उंटांचा जुना आजार. चावऱ्या मोठ्या माश्यांमुळे पसरतो, रक्तात वळवळणारे सूक्ष्म परजीवी होतात, घोडा खंगत जातो. माणसाला तो होत नाही असं सगळी पुस्तकं सांगत होती. २००४ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याला महिनोन्‌महिने येणारा-जाणारा ताप होता, आणि त्याच्या रक्तात हेच परजीवी सापडले. त्याच्या उपचारांसाठी आफ्रिकेतल्या निद्रारोगावर वापरतात ते औषध आणावं लागलं. तो बरा झाला. पुढे कळलं ते असं, की आपल्या सगळ्यांच्या रक्तात एक प्रथिन असतं, जे या परजीवीला मारून टाकतं. या माणसात जन्मतःच ते प्रथिन तयार होत नव्हतं. आपण ज्याला "माणसाला होत नाही" म्हणतो, ते एवढ्या एका प्रथिनाने टिकवून ठेवलेलं असतं. घोड्याच्या बाजूनेही अशीच काही प्रथिनं, काही साखरा पहारा देत असतात, आणि एखाद्या अशक्त शिंगरात किंवा म्हाताऱ्या घोड्यात पहारा ढिला असू शकतो. म्हणून आपण आजारी असताना नवजात शिंगराच्या तोंडाशी जाऊ नये, एवढं मी आवर्जून सांगतो.

दस्तुरी नाक्यावरच्या त्या पोराला मी म्हटलं, तुझी सर्दी त्याला लागणार नाही. गमछा मात्र दोघांना वेगवेगळा ठेव, नाकाला हात लावलास तर धुऊन मग गूळ दे. त्याने मान डोलावली.

पाचव्या दिवशी त्याचा फोन आला. त्याची सर्दी गेली होती. घोडा मस्त होता. "पण डॉक्टर, पलीकडच्याच्या घोडीला खोकला लागलाय, नाक वाहतंय."

मी विचारलं, "पाणी कुठे पाजता?"

"सगळ्यांची एकच टाकी आहे की."

"आणि खरारा?"

थोडा वेळ पलीकडून फक्त घोड्यांच्या नालांचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तो काल त्या पलीकडच्यानंच नेलाय. आत्ता आणतो मागून."

"आणू नकोस," मी म्हटलं. "नवीन घे. आणि तुझी बादली वेगळी कर, मी संध्याकाळी येतो."